विषय: मयत मदत निधीचा प्रस्ताव, आणि आपल्या शेजारचे हंगेरियन

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यात आपल्या पिट्सबर्ग भागातल्या मराठी मंडळाच्या एका घरावर जो प्रसंग आला तो सगळ्यांना माहीत आहेच. पार्थिव भारतात न्यायचं, फ्युनरल होम, कॉन्सुलेटचे कागद, तिकिटं, सगळं अचानक अंगावर आलं आणि व्हॉट्सॲपवर पैसे जमवताना कोणी दिले कोणी नाही यावरून मागाहून कुजबुज झाली ती वेगळीच. म्हणून कमिटीचा विचार आहे की कायमचा मदत निधी करावा. सभासद घरात कोणी गेलं की बाकी प्रत्येक घराने ५० डॉलर द्यायचे, वय बिय न बघता सगळ्यांना सारखेच, आणि त्या घराला ठरावीक रक्कम पक्की मिळणार. जनरल बॉडीत ठराव आणायचाय. मतं कळवा. (उत्तर देताना फोटो जोडू नका प्लीज, मागच्या वेळी सगळ्यांचे इनबॉक्स तुंबले होते.)

प्रेषक: वि. गो.

सचिव महाशय,
भावना चांगली आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण माझी सगळी नोकरी विम्याच्या हिशोबात गेली त्यामुळे गप्प बसवत नाही. तुम्ही जी योजना लिहिलीत ती नवीन नाही, ती १८६८ साली इथून जेमतेम दीड तासावर मीडव्हिलमध्ये जॉन अपचर्च नावाच्या गृहस्थाने सुरू केली होती, एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन, एक सभासद गेला की बाकी सगळ्यांनी एकेक डॉलर काढायचा, पंचविशीतल्यानेही एक आणि पन्नाशीतल्यानेही एकच. मग त्याच धर्तीवर अमेरिकाभर शेकडो संस्था निघाल्या.

आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर हंगेरियन लोकांचं घ्या. २१ फेब्रुवारी १८८६, हेझलटन, इथलाच पूर्व पेनसिल्व्हेनियाचा कोळशाचा पट्टा, तेरा हंगेरियन खाणकामगारांनी मिळून व्हेरहोवाई मदत संघ काढला. नाव दिलं ग्युला व्हेरहोवाई या त्यांच्या मायदेशातल्या पार्लमेंट मेंबरचं. का काढला ते सांगायला नको. त्या काळी खाणीत माणूस गेला तर कामगार भरपाई कायदा नव्हता, कंपनी हात झटकायची, आणि बायकोला इंग्रजीचा गंध नाही. १९०७ च्या डिसेंबरात आपल्या वेस्टमोरलँड काउंटीच्या बाजूला डार खाणीत स्फोट झाला, २३९ माणसं गेली, त्यात पुष्कळ हंगेरियन. अशा वेळी शाखेचा सेक्रेटरी दारात येऊन पैसे देणार हाच काय तो आधार.

१८८८ मध्ये तिकडे कनेटिकटच्या ब्रिजपोर्टला राकोत्सी नावाचा तसाच दुसरा संघ निघाला, आणि १९५५ साली दोन्ही एक झाले. एकत्र आल्यावर नाव ना व्हेरहोवाई ठेवलं ना राकोत्सी, ठेवलं विल्यम पेन! ज्याच्या नावाचं राज्य त्याचंच नाव, म्हणजे कोणाचीच नाक मुरडायची सोय नाही. (आपल्याकडे दोन मंडळं एकत्र करायची तर नुसत्या नावावर तीन मीटिंगा जातील.) तीच आजची विल्यम पेन असोसिएशन. अजून चालू आहे, कॉलेजच्या मुलांना स्कॉलरशिप देते, बोलिंगच्या टुर्नामेंट भरवते, आणि सालोना भाजायची त्यांची पिकनिक असते, म्हणजे डुकराच्या चरबीचा जाड तुकडा सळईला लावून शेकोटीवर धरायचा, गळणारं तूप पावावर घ्यायचं, वरून कांदा टोमॅटो. शाकाहारी मंडळींनी माफ करावं.

आता मुद्दा. सगळ्यांना सारखे ५० डॉलर म्हणजे पहिली दहा वर्षं मजेत जातात कारण सगळेच तरुण असतात. मग सभासदांचं सरासरी वय वाढतं, कोणी गेलं, पैसे भरा असं वर्षाला एक पत्र यायचं तिथे पाच यायला लागतात, तरुण पोरगा म्हणतो मी कशाला भरू, बाहेर मला स्वस्तात पॉलिसी मिळते, तो जातो, मग उरलेल्यांवर भार आणखी वाढतो, मग पुढचा जातो. शेवटी राहतात ते फक्त म्हातारे. अपचर्चची पद्धत अशीच बसली, आणि तिच्या नकलाही.

प्रेषक: मृ.

काका, छान माहिती, पण मग त्या लोकांनी हप्ते वयाप्रमाणे का नाही केले? हिशोब तर कळत असणारच ना कोणाला तरी?

प्रेषक: वि. गो.

मृ.ताई, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. हिशोब कळत होता. १८९८ मध्ये नॅशनल फ्रॅटर्नल काँग्रेसने, म्हणजे अशा संघांच्या महासंघाने, स्वतःचा मृत्युदराचा तक्ताच काढला, कुठल्या वयाला किती हप्ता पडायला हवा ते त्यावरून निघत होतं. अडचण होती मतदानाची.

अशा संघाला शेअरहोल्डर नसतात. सभासद हेच गिऱ्हाईक, हेच मालक, हेच मतदार. शाखा प्रतिनिधी निवडणार, प्रतिनिधी अधिवेशनाला जाणार, अधिवेशनात अध्यक्ष, सेक्रेटरी, बोर्ड निवडणार आणि नियम बदलायचे तर तेही तिथेच. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या प्रतिनिधीला उभं राहून सांगायचं की बाबा रे तुझा हप्ता तिप्पट व्हायला हवा, आणि त्यासाठी हात तूच वर कर. कोण करेल? आणि जो अध्यक्ष हे मांडेल तो पुढच्या वेळी निवडून येईल का? बऱ्याच संघांत अधिवेशनामागून अधिवेशन हा विषय पुढे ढकलला गेला. शेवटी राज्यांच्या विमा कमिशनरांनी दंडुका काढला, १९१० चं मोबाइल बिल (फोनचं नव्हे, अलाबामातल्या मोबाइल शहराच्या नावाचा कायद्याचा मसुदा), १९१२ चं न्यूयॉर्क कॉन्फरन्स बिल, त्यात आलं की देणी किती आणि राखीव रक्कम किती याचं मूल्यमापन करा आणि राखीव कमी पडत असेल तर ते भरून काढा. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

लोकशाही वाईट असं मी म्हणत नाहीये हं. उलट फ्रॅटर्नल, म्हणजे अशा सभासदांच्या विमा संघांच्या, कायद्याच्या नमुना मसुद्यात ती अटच आहे: सर्वोच्च सभा निदान चार वर्षांतून एकदा भरली पाहिजे, त्यात निवडून आलेल्या प्रतिनिधींची मतं दोन तृतीयांशांपेक्षा कमी नकोत म्हणजे पदाधिकाऱ्यांनी स्वतःच सभा भरवून स्वतःलाच निवडायचं चालत नाही, एका माणसाला एक मत, आणि प्रॉक्सी (दुसऱ्याच्या वतीने मत) बंद. लहान मुलांचा विमा काढता येतो पण त्यांना मत नाही. नुसते सोशल मेंबर घेता येतात पण विम्याच्या कारभारात त्यांना तोंड घालता येत नाही. हे शेवटचं मला फार आवडतं, कारण आपल्याकडे गणपतीच्या जेवणाला येणारा आणि निधी भरणारा हे दोघे एकाच हॉलमध्ये एकाच ठरावावर हात वर करणार आहेत.

प्रेषक: क्रॅनबेरीहून, स. दा.

एवढं पुराण कशाला, ज्याने त्याने टर्म इन्शुरन्स घ्यावा, विषय संपला. मंडळाने दिवाळी करावी आणि नाटकं आणावीत. आणि एजीएमला कोरम होत नाही तिथे निधी कोण चालवणार?

प्रेषक: खजिनदार

दादांचा सूर जरा तिखट आहे पण मुद्दा मलाही पटतो. शिवाय कायद्याचं बघा. "ठरावीक रक्कम पक्की" असं लिहून दिलं आणि त्याबदल्यात सक्तीची वर्गणी घेतली की राज्याच्या नजरेत तो विमाच होतो आणि त्याला परवाना लागतो. अमेरिकन कर कायद्याच्या कलमांप्रमाणे आपण ५०१(सी)(३) आहोत, धर्मादाय. तो हंगेरियन संघ ५०१(सी)(८) मध्ये बसतो, त्यात शाखा पद्धत हवीच आणि सभासदांना विम्याचे लाभ द्यायची मुभा आहे. काका, आपण तसं व्हायचं म्हटलं तर?

प्रेषक: वि. गो.

होता येईल, नुसतं पाचशे लोकांचे विम्याचे खरे अर्ज आणा आणि दहा शाखा काढा! त्याच नमुना कायद्यात नव्या संघाला सुरू व्हायला असंच काहीसं लागतं, वर बॉण्ड, ॲक्च्युअरी (विम्याचा गणिती), दरवर्षी कमिशनरकडे रिपोर्ट. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. फ्रॅटर्नल संघ बुडायला लागला तर राज्याचा गॅरंटी फंड, जो बुडालेल्या विमा कंपनीच्या ग्राहकांना सावरतो, तो मदतीला येत नाही. राखीव घटली तर बोर्ड प्रत्येक विमाधारकाला तुटीतला त्याचा वाटा भरायला सांगू शकतं, नाही भरला तर तो त्याच्या सर्टिफिकेटवर (म्हणजे पॉलिसीवर) कर्ज म्हणून चढतो, व्याजासकट, किंवा मग त्याने लाभ कमी करून घ्यायचा. मालक म्हणवून घेतलं की हेही आलंच.

स. दा., टर्म इन्शुरन्स घ्यावाच, पण तुमच्याकडे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील आहेत त्यांना इथे कोण टर्म देणार? निधीची खरी गरज तिथे आहे.

कोरमचं म्हणाल तर तेही दुखणं जुनंच. खाणी बंद पडल्या, पोरं उपनगरात गेली, नातवंडांना हंगेरियन येईना, मग शाखेच्या मीटिंगला कोण येणार? विम्याचा धंदा चालू राहतो पण शाखा रिकामी होते, आणि शाखा रिकामी झाली की प्रतिनिधी निवडायला माणसंच नाहीत. १८९६ मध्ये ट्रेंटनला निघालेला हंगेरियन रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांचा संघ होता, १९०७ ची अमेरिकन काँग्रेसची सनद, वॉशिंग्टनला ड्यूपाँट सर्कलपाशी कोशूथ हाउस ही इमारत, लिगोनियरला अनाथाश्रम, केवढा पसारा! शेवटी तो पिट्सबर्गच्या जीबीयूत विलीन झाला, आणि ते मूळचं जर्मन बेनिफिशियल युनियन. पॉलिसीवाल्यांचे पैसे सुरक्षित राहिले, तक्रार काहीच नाही, फक्त संघ गेला.

प्रेषक: मृ.

मग काका तुमचं म्हणणं काय, करायचा की नाही? मी तर म्हणते करायचाच. मागच्या महिन्यात त्या वहिनींच्या हातात चेक द्यायला मी गेले होते, त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला की हे कोणाला परत करायचे. असं कोणाला परत विचारायला लागू नये.

प्रेषक: वि. गो.

करायचा. पण ठराव असा बदला, सचिवांनी भाषा नीट करावी:

निधी ऐच्छिक देणगीचा, वर्गणी सक्तीची नाही, रक्कम पक्की नाही, असेल त्यातून गरज बघून मदत, आणि सभासद नसलेलं मराठी घरही पात्र, कारण फक्त आपापसात वाटलं तर धर्मादाय म्हणता येणार नाही. मदतीचा निर्णय तिघांची समिती घेणार आणि ते तिघे कार्यकारिणीत नकोत. एका घराला जास्तीत जास्त किती द्यायचं ती मर्यादा तीन वर्षांसाठी एकदाच ठरवायची, मधे जनरल बॉडीने त्यावर मतदान करायचं नाही, कितीही जवळचा माणूस गेला तरी. निधीचं बँक खातं वेगळं, आणि दिवाळीच्या हॉलचं भाडं त्यातून तात्पुरतं सुद्धा भरायचं नाही. खजिनदार, हे तुमच्याकडे बघून म्हणतोय असं नाही.

प्रेषक: खजिनदार

माझ्याकडेच बघून म्हणताय. मान्य. पण मर्यादेवर मतदानच नाही हे सभेला पटवायची जबाबदारी तुमची, मी माइक तुमच्या हातात देणार.

प्रेषक: स. दा.

आईवडिलांचा मुद्दा लक्षात नव्हता आला. मी विरोध मागे घेतो, पण समितीत माझं नाव घालू नका.

प्रेषक: सचिव

सुधारित मसुदा रविवारपर्यंत पाठवतो. समितीसाठी नावं हवीत, स. दा. सोडून.