आजीचा अनंत नव्या घरी कसा नेऊ?

नौपाड्यातली नात (मे)
आमचं नौपाड्यातलं बैठं घर दिवाळीनंतर पाडणार आहेत. आजी माघात गेली, ९३ वर्षांची होऊन. ती १९५० साली लग्न होऊन गुहागरकडून ठाण्यात आली, तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली ओल्या फडक्यात बांधलेल्या चार अळकुड्या होत्या. मोरीच्या पाण्यावर तो अळू अजून माजतो. तांदूळ धुतलेलं पाणी कुंदाला, मासे धुतलेलं कढीपत्त्याला, हे तिचं ठरलेलं. डालड्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडायचं काम आम्हा नातवंडांचं.

माझा जीव अडकलाय अनंताच्या झुडपात. आत्याच्या लग्नाच्या साली, १९७९ मध्ये, आजीने तो लावला. रोज पहाटे फुलं मोजून ती कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली लिहायची: ‘अ. ३’, ‘अ. ७’. आम्हाला लहानपणी वाटायचं, अ म्हणजे अंडी! तिच्या पेटीत १९८४ पासूनची कॅलेंडरं सुतळीने बांधलेली सापडली. एका जूनमध्ये ‘अ. ४१’ आहे, खाली दोन रेघा मारलेल्या. आजोबा गेले त्या तारखेलाही ‘अ. २’ आहे. त्या दिवशीही ती पहाटे अंगणात गेली होती.

माळी म्हणतो, एवढं जुनं झुडूप मुळासकट काढलं तर जगेलच असं नाही. नर्सरीतून नवा आणा. पण मला हाच हवाय. काय करू? प्राजक्त आणि सोनचाफाही आहेत.

कोपरीचा बागवान
ताई, गुट्टी कलम करा. फांदीपासून तयार झालेलं रोप म्हणजे तेच झाड, आजीच्याच हातचं. पाऊस सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढा. आतला बुळबुळीत थर चाकूने नीट खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. पानांकडून खाली येणारं अन्न त्या जागी अडतं, म्हणून तिथे मुळं धरतात. भिजवून पिळलेलं मॉस (नर्सरीत मिळणारं सुकं शेवाळ) मूठभर लावा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट बांधा. दीड-दोन महिन्यांत मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात. भरपूर दिसली की गुट्टीच्या खालून कापून कुंडीत लावा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा. एकावर थांबू नका, पाच-सहा बांधा.

अनंताला आंबट माती लागते. बोअरचं क्षारांचं जड पाणी घातलंत तर पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतील.

प्राजक्ताची काळजी नको, झाडाखाली पडलेल्या चपट्या बियांची रोपं उगवलेली असतील, तीच उचला. सोनचाफ्याची गुट्टी मात्र हट्टी असते, त्यासाठी भेट कलम (कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीला जोडून केलेलं कलम) करणारा जाणता माणूस बघा.

वाशीकर
प्राजक्त आणि सोनचाफा परस्पर तोडता येणार नाहीत. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बिल्डरने झाडांचं काय दाखवलंय, ते सोसायटीच्या बैठकीत लेखी मागा.

गच्चीवरची
अळकुड्या विसरू नका हो! पाडायच्या आधी खणून सावलीत वाळवा, मे-जूनमध्ये पुन्हा लावा. आणि ती कॅलेंडरं ओल लागणार नाही अशी ठेवा. चाळीस वर्षांचा बहर तारखेनिशी कोणाकडे असतो?

नौपाड्यातली नात (सप्टेंबर)
सगळ्यांचे मनापासून आभार. जूनमध्ये सहा गुट्ट्या बांधल्या. दोन कुजल्या, मॉस फार ओलं राहिलं असावं. एक वादळात फांदीसकट मोडली. तिघींना मुळं आली! गौरीच्या आदल्या दिवशी कापल्या तेव्हा हात थरथरत होते, म्हणून शेवटची आत्यानेच कापली. तिचं वय आता ६८. कापून झाल्यावर ती बराच वेळ तिथेच बसून होती.

प्राजक्ताची अकरा रोपं मिळाली, गल्लीत वाटली. सोनचाफ्याबद्दल सोसायटीने पत्र दिलंय, उत्तर यायचंय.

एक विचारायचं राहिलं. एक गुट्टी आत्याकडे नेरुळला जाणार आहे. तिची गॅलरी पश्चिमेला, दुपारी दोनपासून कडक ऊन. अनंताला ते सोसेल, की स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू? तिथे सकाळी नऊपर्यंतच ऊन असतं.