मदत हवी आहे: मॉन्ट्रियलमधल्या दुकानाच्या पाटीवर देवनागरी कशी मोजतात?

मॉन्ट्रियलमध्ये आमचं किराणा आणि फराळाचं दुकान आहे. पाटीवर ‘शिदोरी’ हे नाव रोमन आणि देवनागरीत मोठं, खाली बारीक अक्षरांत फ्रेंच ‘एपिसरी’ (किराणा दुकान). इथल्या क्वेबेक प्रांताच्या १९७७च्या फ्रेंच भाषेच्या सनदेत, म्हणजे भाषा कायद्यात, २०२२मध्ये बदल झाले. १ जून २०२५पासून, नावात परभाषेतला शब्द असेल तर बाहेरून दिसणाऱ्या पाटीवर फ्रेंच मजकुराने परभाषेतल्या मजकुराच्या किमान दुप्पट जागा व्यापायला हवी. नियम मनापासून पटतो, पळवाट नकोय.

नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नाही. कामाला माणसं २५पेक्षा खूप कमी, म्हणजे सरकारी फ्रेंच भाषा कार्यालयाकडे दुकानाची नोंदणी करण्याचा प्रश्न येत नाही. त्या कार्यालयाची माहितीपत्रकं वाचली, पण त्यांतली उदाहरणं सगळी रोमन लिपीतली. पाटीवाल्यालाही सांगता येईना. घरमालक एकच पाटी लावू देतो, तीही आहे त्याच मापाची. देवनागरी काढायची अजिबात इच्छा नाही, गिऱ्हाईक तीच बघून आत येतं.

क्वेबेकमध्ये कुणी दोन लिप्यांतली पाटी नव्याने करून घेतली आहे का? तेच नाव दोनदा लिहिलं तर दोन्हींची जागा मिळून परभाषेत धरतात का? आणि ‘मसाले, फराळ, डबे’ असा फ्रेंच मजकूर त्याच पाटीवर वाढवला, तर तो दुपटीच्या हिशोबात चालतो का?