मंडळीतर्फे शिधावाटप: किती द्यायचा, कोणाला द्यायचा?

प्रश्न
मंडळीत (चर्चमध्ये) दर महिन्याला शिधा वाटायचं चाललंय. काहींचं म्हणणं, आपलं काम सुवार्ता सांगायचं, भूक सरकारने बघावी. त्यांना काय सांगावं? आणि एका कुटुंबाला किती शिधा लागतो, यादी कशी करायची?

उत्तर १
बायबलमधलं याकोब २:१५-१६ वाचायला द्या. उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावलं तर उपयोग काय, असं तिथे थेट विचारलंय. सरकारची जबाबदारी आहेच, तिने आपली फिटत नाही. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही, गळालेलं वेचायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. मालकाची मेहेरबानी नव्हे, त्यांचा वाटा. हे एकदा पटलं की शिधा देतानाचे फोटो आधी बंद करा.

उत्तर २
माणशी रोज २,१०० किलोकॅलरी धरतात. त्यासाठी धान्य ४०० ग्रॅम, कडधान्य ६०, पोषक मिश्रपीठ ५०, तेल २५, साखर १५, मीठ ५. पाच माणसांना ३० दिवस म्हणजे धान्य ६० किलो, कडधान्य ९ किलो, तेल पावणेचार किलो.

पैसे कमी पडले की पहिली कात्री तेलाला लागते. तिथेच लहान मुलं मार खातात. त्यांचं पोट छोटं, थोडक्या घासात जास्त ऊर्जा तेलातूनच मिळते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर शिध्यावर भागवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. इतक्या खंगलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं.

उत्तर ३
यादीसाठी प्रेषितांची कृत्ये ६ बघा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. तक्रार आल्यावर सात जण नेमले, आणि सातही नावं ग्रीक आहेत! म्हणून समितीत शिधा घेणाऱ्या घरांतलेही दोघे-तिघे हवेत.

उपासनेच्या हजेरीवरून यादी करू नका. अंथरुणाला खिळलेले, एकटे म्हातारे, मागायला लाजणारे त्यात कधीच येत नाहीत. गल्लीगल्लीने घरं मोजा. वाटप झालं की आठवड्याच्या आत पुन्हा फिरा आणि प्रत्येक दारात एवढंच विचारा: शेजारी कोणाचं राहिलंय का?