तलकाडला नदीकाठी एवढी वाळू आली कुठून?

सांगलीकर_अम्या
मंडळी, दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन म्हैसूरला जायचंय, तिथून ४५ किमीवर तलकाड आहे तेही करावं म्हणतोय. व्हिडिओत बघितलं तर कावेरीच्या काठी नुसते वाळूचे ढीग आणि मधेच खोल खणून काढलेली देवळं. समुद्र तर जवळपास कुठेच नाही, मग वाळू आली कुठून? जो तो शापच सांगतोय. आणि आईचे गुडघे दुखतात, तिला जमेल का?

घाटवाट
शाप ऐकवल्याशिवाय तिथला गाईड सोडणार नाही, म्हणून आधी तोच घ्या 😄 १६१० मधे म्हैसूरच्या राजा वडियारने श्रीरंगपट्टण घेतलं. तिथल्या विजयनगरच्या सुभेदाराची बायको अलमेलम्मा, तिच्याकडे रंगनायकी देवीचे दागिने होते, ते आणायला राजाने माणसं पाठवली तर बाईने दागिन्यांसकट कावेरीत उडी टाकली, आणि जाताजाता म्हणाली तलकाडची वाळू होवो, जवळच्या मालंगी गावाला डोह पडो, म्हैसूरच्या राजांना पोर न होवो. घराण्यात दत्तक बरेच झाले हे खरंय, पण दहाव्या चामराजेंद्रांना मुलगे होते की, जयचामराजेंद्रांनाही होता. मग लोकांनी एक पिढी सोडून शाप लागतो अशी सोय करून घेतली.

पाटबंधारे_रिटायर्ड
वाळू नदीचीच हो. गाव बरोबर कावेरीच्या वळणावर आहे, तिथे पाण्याचा वेग कमी झाला की वाळू पडते. आता गंमत बघा, वरच्या अंगाला चौदाव्या शतकातला माधवमंत्री बंधारा आहे, विजयनगरच्या काळातला, अभ्यासक म्हणतात त्याने खालचं पाणी आटलं, पात्रातली वाळू उघडी पडली आणि नैऋत्येचा पावसाळी वारा ती उचलून गावात टाकत राहिला, त्यात काठावरची झाडंही गेलेली. म्हणजे बंधारा शापाच्या दोनेकशे वर्षं आधीचा! मला तर वाटतं वाळू आधीपासून येतच होती, तिला अलमेलम्मा नंतर चिकटवली. आणि हे साधं खेडं नव्हतं बरं का, गंग घराण्याची राजधानी, मग चोळांनी घेऊन राजराजपुर नाव दिलं, मग होयसळ विष्णुवर्धनाने चोळांना हाकलून १११७ च्या सुमारास कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. तेही वाळूत गेलेलं, पुरातत्व खात्याने काढलं. वाळू धरून ठेवायला नंतर झाडंही लावलीत.

मीनल_के
अम्या, आईंचं सांगते. देवळादेवळांमधे वाळूतूनच चालायचं, पाय रुततात, वाटेवर बऱ्याच ठिकाणी पत्र्याचं छप्पर आहे पण दुपारी वाळू तापते, सकाळी लवकर जा. वैद्येश्वर आणि कीर्तिनारायण एवढंच केलं तरी पुरे. पंचलिंगातला (म्हणजे इथल्या पाच शिवमंदिरांतला) मल्लिकार्जुन मुडुकुतोरेच्या टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, तो तुम्ही बापलेक करा. पंचलिंग दर्शनाचा मोठा सोहळा काही वर्षांनीच येतो, मागचा डिसेंबर २०२० मधे झाला, तेव्हा एरवी गर्दीचं टेन्शन नाही, सुट्टीचा दिवस तेवढा टाळा. नदीत गोल टोपलीसारख्या होडीत बसवतात, हरिगोलू म्हणतात, मजा येते, पण पोहायला उतरू नका, डोह फसवे आहेत आणि वरून धरणाचं पाणी सुटतं. परतताना सोमनाथपूर सोडू नका, १२५८ चं होयसळ देऊळ, तिथे आईंना फार चालावं लागणार नाही.

घाटवाट
+१ सोमनाथपूर. फक्त संध्याकाळी लवकर बंद होतं, आधी तलकाड मग ते असं करा.