पीएचडी गाईड निवडताना एच-इंडेक्स किती मनावर घ्यायचा?

रानजाई
नमस्कार मंडळी, माझं एमएस्सी झूऑलॉजी झालंय, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळालीये, आता गाईड ठरवायचाय आणि तिथेच गाडी अडलीये. दोन सर घ्यायला तयार आहेत. पहिले सर नॅनोपार्टिकल्स आणि अँटिमायक्रोबियलवाले, गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून काढतात तो आकडा) 41, पेपर दोनशेच्या वर. दुसरे सर सह्याद्रीतल्या पाली-सरड्यांची टॅक्सॉनॉमी (जाती ओळखून त्यांचं वर्णन आणि वर्गीकरण) करतात, त्यांचा एच-इंडेक्स 9. मला काम मनापासून दुसऱ्यांचं आवडतं पण घरी बाबा आणि आमच्या कॉलेजच्या मॅडम दोघंही म्हणतात की 41 आणि 9 मध्ये एवढी तफावत आहे म्हणजे काहीतरी कारण असेलच ना, उगाच का लोक एकाला एवढं साईट करतात (आपल्या पेपरात संदर्भ देतात) आणि दुसऱ्याला नाही. त्यात भर म्हणजे पहिल्या सरांचाच एच-इंडेक्स स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसवर बघितला तर 29 दाखवतो, मग खरा कुठला धरायचा? बायोलॉजीतल्या माणसाचं वजन या आकड्यांवरून नक्की कसं ओळखतात ते कुणीतरी नीट सांगा प्लीज, पुढची पाच वर्षं त्यावर ठरणार आहेत.

बायोकेम_मिरज
अगं आधी स्कोपस आणि स्कॉलरचा घोळ सोडवू. एच-इंडेक्स 29 म्हणजे त्या माणसाचे 29 पेपर असे आहेत की प्रत्येकाला किमान 29 सायटेशन्स आहेत. आता सायटेशन मोजायचं कुठून हा प्रश्न. स्कोपस मुख्यतः त्यांनी निवडलेल्या जर्नल्समधून मोजतं, गूगल स्कॉलर मात्र थिसीस, प्रीप्रिंट, कॉन्फरन्सची पुस्तिका, कुठल्यातरी कॉलेजच्या वेबसाईटवर चढवलेली पीडीएफ, जे सापडेल ते सगळं धरतं, त्यामुळे स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा येतो. दोन्ही खरेच आहेत फक्त तुलना करताना दोघांचा एकाच ठिकाणचा घ्यायचा.

दुसरं म्हणजे वेगवेगळ्या विषयांची तुलना या आकड्याने होतच नाही. एच-इंडेक्स काढला हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये, आणि त्याच पेपरात त्याने दाखवून दिलं होतं की फिजिक्समध्ये सगळ्यात वर एडवर्ड विटन 110 वर आणि जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर 191 वर. म्हणून काय स्नायडर विटनच्या पावणेदोन पट मोठे झाले? बायोमेडिकलमध्ये माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपराखाली संदर्भांची यादी लांब, त्यामुळे सायटेशन्सचा पाऊसच जास्त. हाच फरक जीवशास्त्राच्या आतही आहे. कॅन्सर, इम्युनॉलॉजी, नॅनो इथे हजारो लॅब एकमेकींना साईट करतात, आणि पालींच्या एका जीनसवर जगात काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. मग साईट करणार कोण?

आणि जास्त सायटेशन म्हणजे मोठा शोध असंही नसतं. नेचरने 2014 मध्ये आजवरच्या सगळ्यात जास्त साईट झालेल्या शंभर पेपरांची यादी काढली होती. पहिला नंबर लोरीचा 1951 चा, प्रोटीन मोजायची पद्धत, 3 लाखांच्या वर सायटेशन्स. दुसरा लेम्लीचा जेल, म्हणजे प्रोटीन वेगळी करायची पद्धत, तिसरा ब्रॅडफर्ड, परत प्रोटीन मोजायचीच. म्हणजे तू एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जे निळं पाणी केलंस ना ते. वॉटसन-क्रिकचा डीएनएचा पेपर त्या शंभरात नाहीये! लोरी स्वतः सांगायचे की हा काही माझा थोर पेपर नाही. पद्धत उपयोगी म्हणून लोक साईट करतात, आणि रिव्ह्यू आर्टिकल (इतरांच्या कामाचा आढावा) सोयीचं म्हणून करतात. तेव्हा पहिल्या सरांचे वरचे दहा पेपर उघड आणि त्यात रिव्ह्यू किती आणि स्वतःच्या लॅबचं काम किती ते बघ, अर्ध्या तासाचं काम आहे.

देवराई
टॅक्सॉनॉमीवाला आहे म्हणून राहवलं नाही.

फुरसं घ्या. कोकणात कातळावर दगड उलटला की सापडतं ते. शास्त्रीय नाव एकिस कॅरिनॅटस (श्नायडर, 1801). या कंसातल्या नावाचा अर्थ असा की या सापाचं वर्णन श्नायडरने 1801 मध्ये केलं. आता या फुरशाच्या विषावर जगभर पेपर निघतात, त्यातल्या एका प्रथिनावरून टिरोफिबॅन नावाचं हार्टच्या पेशंटना देतात ते औषध तयार झालं, आणि त्या सगळ्या पेपरांत सापाचं नाव असतंच, नावाशिवाय पेपर छापणारच नाहीत, पण ज्याने ती जात ओळखून वेगळी केली त्याचं मूळ वर्णन शेवटच्या संदर्भांच्या यादीत जवळपास कुणीच टाकत नाही. नाव मजकुरात येतं पण यादीत नाही, आणि डेटाबेस मोजतो ती फक्त यादी. श्नायडरला आता काय फरक पडतो म्हणा, पण आज जो मुलगा चार पावसाळे आंबोलीत नाहीतर कोयनेच्या बाजूला हिंडून, म्युझियममधले दीडशे वर्षं जुने नमुने खवला-खवला मोजून नवी जात लिहितो त्याचंही हेच होतं. त्याने दिलेलं नाव पुढे इकॉलॉजीवाले, विषवाले, वनखातं, धोक्यातल्या जातींची रेड लिस्ट करणारे सगळे वापरतात आणि त्याच्या प्रोफाईलवर चार सायटेशन्स.

झूटॅक्साचं प्रकरण माहीत असेलच. प्राणी टॅक्सॉनॉमीतलं हे सगळ्यात मोठं जर्नल, 2020 मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीने त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी) देणंच थांबवलं, कारण काय तर सेल्फ सायटेशन फार. अहो ज्या विषयातलं एवढं काम एकाच जर्नलात छापून येतं तिथे माणसं त्याच जर्नलातले जुने पेपर साईट करणार नाहीत तर कुठले करणार? जगभरातल्या लोकांनी ओरडा केला तेव्हा काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला. पण त्या काही आठवड्यांत ज्यांची मुलाखत होती, ज्यांचं प्रमोशन होतं, त्यांच्या जिवाला किती घोर लागला ते आम्हालाच माहीत.

9 हा टॅक्सॉनॉमीत अजिबात लहान आकडा नाहीये. सरांनी किती जाती वर्णन केल्यात, त्यातल्या किती नंतरच्या रिव्हिजनमध्ये (फेरतपासणीत) टिकल्यात, टाईप नमुने (ज्यांवरून जातीचं वर्णन केलं ते) व्यवस्थित संग्रहालयात जमा केलेत का, हे विचार. आमच्यात माणसाचं वजन त्यावर ठरतं.

सोलापूरकर
मी कॉलेजात शिकवतो, बॉटनी. वरचं सगळं पटलं पण मुलीला नोकरीची बाजूही कळली पाहिजे. पुढे असिस्टंट प्रोफेसर व्हायचं, मग प्रमोशन, तर यूजीसीच्या 2018 च्या नियमांत पेपरचे गुण जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर आहेत. 1 पेक्षा कमी असेल तर 10, 10 च्या वर असेल तर 30, मधल्यांना त्याप्रमाणे. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर फर्स्ट किंवा कॉरस्पॉन्डिंगला 70 टक्के, बाकीच्यांना 30. आता टॅक्सॉनॉमीची बहुतेक जर्नल्स कुठे बसतात ते तुम्हीच बघा. चार वर्षं घालवून एक मोनोग्राफ (एकाच गटावरचा सविस्तर ग्रंथ) काढला आणि शेजारच्याने सहा महिन्यांत तीन पेपर काढले तर फॉर्म भरताना शेजारी पुढे. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत झालंय, ज्या सहकाऱ्याकडे आम्ही सगळे गवतं ओळखून घ्यायला जायचो त्यांची फाईल गुण कमी म्हणून परत आली. संताप होतो.

आणि इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो, माणसाचा नाही हे तर कुणी लक्षातच घेत नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स, एवढाच त्याचा अर्थ. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा 2 च्या आसपास असायचा, 2009 चा एकदम 49.9 आला, का तर शेल्ड्रिकच्या 2008 च्या एका सॉफ्टवेअरवरच्या पेपरला सगळे साईट करत होते. त्या दोन वर्षांत तिथे छापलेल्या बाकी सगळ्यांची कागदावर आयती चांदी.

गुणांची सक्ती झाल्यावर काय झालं तेही सांगतो. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारी जर्नल्स गल्लोगल्ली निघाली. पुण्यात भूषण पटवर्धन सरांच्या टीमने यूजीसीच्या मान्य यादीतली जर्नल्स तपासली, 2018 ला करंट सायन्समध्ये आलं होतं, हजारेक जर्नल्स बघितली त्यातली 88 टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी यूजीसीने 4,305 जर्नल्स एका फटक्यात यादीतून काढली, मग मान्य जर्नल्सची नवी केअर लिस्ट आली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद, आता ज्या त्या संस्थेने आपलं बघायचं. तेव्हा गाईड कुणीही घे पण पेपर कुठे पाठवतात ते आधी विचारून ठेव.

जुनं_जर्नल
सगळेच आकड्यांवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, मला ती तितकीच महत्त्वाची वाटते.

कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे. कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो असा अंदाज जर्मन शास्त्रज्ञ कॉकने 1884 मध्ये केला होता, ते विष प्रत्यक्षात दाखवलं डे यांनी, 1959 मध्ये नेचरमध्ये, सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेलं द्रव सोडून. साधी सामग्री आणि केवढी झेप! आज कॉलऱ्याची जी समज आहे ती या प्रयोगावर उभी आहे. आणि आपल्या देशात त्यांना काय मिळालं? एकाही अकादमीने हयातीत फेलो केलं नाही, मोठा पुरस्कार नाही. लेडरबर्गसारख्या स्वतः नोबेल मिळवलेल्या माणसाने त्यांचं नाव नोबेलसाठी पाठवलं होतं. 1985 मध्ये ते गेले, आणि 1986 मध्ये युजीन गारफील्डने, म्हणजे ज्याने सायटेशन इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर दोन्ही जगाला दिले त्यानेच, सायटेशन्सचा माग काढत काढत लिहिलं की कॉलरा संशोधनाचा सगळा धागा या कलकत्त्याच्या माणसापाशी जातो. करंट सायन्सचा त्यांच्यावरचा खास अंक आला तो 1990 ला.

म्हणजे समितीतल्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते संदर्भांच्या याद्यांमध्ये पडून होतं. ज्याच्या मागे कुणी गॉडफादर नाही, ज्याच्या नावापुढे मोठ्या संस्थेचं नाव नाही, अशा माणसाला शेवटी हेच कामी येतं की बघा, माझं काम परक्या देशातल्या परक्या माणसांनी वापरलंय. आकडे काढून टाकले तर उरतं काय, ओळखी आणि शिफारशी. ते मला जास्त भीतीदायक वाटतं. फक्त नुसती बेरीज बघू नका, कोण साईट करतंय आणि कशासाठी हे वाचा. गारफील्डने डे यांच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

हायडलबर्गहून
इथे जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते, मूळची नाशिकची. जुनं_जर्नल यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य, म्हणून रानजाई तुला फक्त बघायचं कसं ते सांगते.

बायोलॉजीत लेखकांच्या क्रमाला अर्थ असतो, पहिलं नाव ज्याने हात काळे केले त्याचं, शेवटचं नाव ज्याची लॅब आणि ज्याची कल्पना त्याचं. मधली वीस नावं काहीही असू शकतात. एच-इंडेक्सला हा फरक कळत नाही, पंचविसाव्या नावालाही तेवढंच सायटेशन मिळतं. म्हणून दोन्ही सरांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढ आणि सर शेवटच्या जागी असताना पहिल्या जागी कोण आहे ते बघ. विद्यार्थी आहेत का? तेच विद्यार्थी नंतर कुठे गेले? हे सगळं पब्लिक असतं. पीएचडी करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाचा आकडा दुसरा वाटत नाही. स्कोपसमध्ये सेल्फ सायटेशन्स (स्वतःच स्वतःला साईट केलेली) वगळायची सोय आहे ती लावून बघ, आकडा किती घसरतो. पबपीअरवर (तिथे लोक पेपरांवर शंका मांडतात) नाव टाकून बघ, मागे घेतलेल्या पेपरांचा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेसही बघ, 2023 या एका वर्षात जगभरात दहा हजारांच्या वर पेपर मागे घेतले गेलेत, त्यामुळे आता हे बघणं म्हणजे कुणावर संशय घेणं नाही, रीतच आहे ती. दोनशे पेपर असणं हा काही गुन्हा नाही, मोठी लॅब असेल, चांगले सहकारी असतील, पण बघून घे.

इकडे पण हळूहळू बदलतंय. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल बायोलॉजीवाल्यांच्याच बैठकीत डोरा जाहीरनामा ठरला की माणसाची निवड करताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका. सगळीकडे पाळतात असं अजिबात नाही, पण मी अर्ज केले त्यात दोन-तीन ठिकाणी स्पष्ट लिहिलं होतं की आकडे देऊ नका, तुमची निवडक पाच कामं आणि त्यात तुमचा वाटा काय ते लिहा. एनआयएच या अमेरिकन सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने तर विषयानुसार तुलना करणारा रिलेटिव्ह सायटेशन रेशो काढलाय, आयसाईट साईटवर फुकट बघता येतो. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमध्ये नसलेले पेपर मात्र त्यात येत नाहीत, म्हणजे टॅक्सॉनॉमीवाल्यांची तिथेही थोडी अडचण आहेच.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रात्री हेच करत बसले होते. पाली-सरड्यांवाल्या सरांचे गेल्या पाच वर्षांतले जवळपास सगळे पेपर विद्यार्थ्यांच्या नावाने आहेत, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं सरांचं. त्यांच्या एका माजी विद्यार्थिनीशी फोनवर बोलले, ती म्हणाली सर फील्डला स्वतः येतात आणि ड्राफ्ट आठवड्यात वाचून परत देतात. पहिल्या सरांकडचं वातावरणही वाईट नाहीये, पेपर खरंच बरे आहेत, पण गेल्या तीन वर्षांत बहुतेक ठिकाणी ते मधल्या नावांत आहेत आणि वरच्या दहात सहा रिव्ह्यू निघाले. बाबांना लॅपटॉपवर दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या, त्यांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि म्हणाले तू म्हणतेस ते दिसतंय. आता एकच भीती आहे ती सोलापूरकर सरांनी सांगितलेली, नोकरीच्या वेळी गुणांचं काय?

देवराई
भीती रास्त आहे, त्यावर उपाय एवढाच की नुसत्या वर्णनावर थांबू नकोस. डीएनए, फायलोजेनी (जातींची वंशावळ), आवाज असेल तर आवाज, वितरणाचे नकाशे, संवर्धन, हे एकाच कामातून निघतं आणि त्याचे पेपर वेगळ्या जर्नल्समध्ये जाऊ शकतात, सर तयार असतील तर हे सिनॉप्सिसमध्येच (पीएचडीच्या आराखड्यात) घालून घे. ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) पहिल्याच पेपराआधी काढ, आपल्याकडे आडनावं आणि इनिशियल सारखी असल्याने एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात जातात. आणि पुढे कुठलाही पेपर लिहिताना ज्या जातीवर काम केलंस तिचं मूळ वर्णन संदर्भांच्या यादीत टाक, रिव्ह्यूअरने काढायला सांगितलं तरी भांडून ठेव. सरांना या महिन्यातच मेल कर, वनखात्याच्या परवानगीला वेळ लागतो आणि पहिला पावसाळा हुकला तर वर्ष जातं.