मदत हवी आहे: मालवणच्या प्रवाळांपर्यंत प्रकाश किती पोचतो, कसं काढू?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी प्रवाळातल्या झूझँथेली शैवालाला प्रकाशसंश्लेषणाला लागणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश किती मिळतो, ते हवंय. हा प्रकाश (PAR, म्हणजे ‘पार’) पाण्याखाली मोजणारा सेन्सर परवडत नाही. लक्समीटर वॉटरप्रूफ पिशवीतून उतरवला, पण तो हिरव्याला झुकतं माप देतो, आणि पाण्यात तांबडा आधीच गळतो. उन्हात लक्सला ५४ ने भागून पार (मायक्रोमोलमध्ये) काढतात, तो भागाकार तिथे लावण्यात अर्थ नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, त्यामुळे तुकडा लॅबमध्ये आणणं बाद. सेकी तबकडीच्या (पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघायची तबकडी) नोंदी आहेत. त्यावरून क्षीणन गुणांक (खोलीबरोबर प्रकाश किती झपाट्याने घटतो तो आकडा) काढायला १.७ भागिले सेकी खोली वापरतात, गढूळ पाण्याला काहीजण १.४४ घेतात. पावसाळ्यानंतरच्या आपल्या गढूळ किनाऱ्याला यातला कुठला आकडा धरावा? आणि पाण्याखाली लक्सवरून पार काढून कुणी पडताळून पाहिलंय का?