मागच्या खड्ड्यातलं सामान (सोसायटी ग्रुप, मोरार, ग्वाल्हेर)

सेक्रेटरी काका: मंडळी नमस्कार. मागच्या बाजूला पावसाच्या पाण्याच्या टाकीचा खड्डा चालू आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. आज दुपारी पोकलेन पुरुषभर खाली गेलं आणि काळी माती लागली, त्यातून बाटल्या, बटणं, गंजलेलं लोखंड, तुटक्या बशा असं काय काय निघालंय. ठेकेदाराची पोरं आपसांत वाटून घेत होती, मी ओरडलो तेव्हा थांबली. आपल्या बच्चे कंपनीनेही खिसे भरलेत. ज्याच्याकडे जे आहे ते इथे सांगा प्लीज. फोटो टाकलेत.

रोहन ए-३०४: काका भारीच 🔥 माझ्याकडे एक गोळी आहे, शिशाची. राणी लक्ष्मीबाईंच्या लढाईतलीच असणार ना? म्हणजे कदाचित त्यांच्यावरच झाडलेली

नीता काकू ए-२०३: अगं बाई, अंगावर काटाच आला. ती देवघरात ठेव रे

देशपांडे काका सी-४०१: देवघरात कशाला, फुलबागेत राणीच्या समाधीला नेऊन द्या. आणि पेपरवाल्यांना बोलवा आधी

ठाकूर भैया सी-१०२: पेपरवाले आले की काम बंद समजा. जुलै तोंडावर आलाय आणि पोकलेनचं भाडं तासावर चालू आहे, वो कौन देगा

रोहन ए-३०४: ओएलएक्सवर जुन्या गोळ्या विकायला असतात, बघितलंय मी

कुलकर्णी मावशी बी-१०१: रोहन, ती आधी खाली ठेव आणि साबणाने हात धू. तिच्यावर जी पांढरी पूड दिसते ना फोटोत, ते शिशाचं कार्बोनेट आहे, पोटात जाता कामा नये. बाळूच्या तोंडात तर अजिबात नको, तो सगळं चाखून बघतो. मग किचनच्या काट्यावर वजन कर आणि मला सांग, गोल आहे की लांबुडकी, मागून पोकळ आहे का, बाजूला खाचा आहेत का.

रोहन ए-३०४: धुतले. लांबुडकी, मागून पोकळ, बाजू एकदम गुळगुळीत. ३४ ग्रॅम

कुलकर्णी मावशी बी-१०१: मग ही बहुतेक एनफिल्ड १८५३ ची गोळी. ५३० ग्रेनची असायची, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम. जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून ५७ साली सगळं पेटलं तीच बंदूक. पण बेटा, राणीवर झाडलेली वगैरे सोड. एनफिल्डच्या नळीत आतून तीन पीळदार खोबणी असतात, गोळी सुटली की तिच्या अंगावर त्याच्या तीन पट्ट्या उमटतात आणि कुठे आपटली की चेपते. तुझी गुळगुळीत आहे, टोकही शाबूत आहे. ती झाडलीच गेली नाही, कोणाच्या तरी पिशवीतून पडली. राणी पडल्या १७ जून १८५८ ला कोटा की सरायच्या बाजूला. आपल्या मोरारला चकमक झाली ती आदल्या दिवशी, १६ ला.

नीता काकू ए-२०३: मावशी तुम्ही आमचा सगळा मूडच घालवता हो

कुलकर्णी मावशी बी-१०१: 😄 घालवते कशाला. उलट मला हे जास्त आवडतं. लढाई दोन-चार तासांत आटपते, छावणीत मात्र माणसं वर्षानुवर्षं बसून राहतात. जेवतात, दारू पितात, बटणं हरवतात, कपबशा फोडतात आणि सगळं मागे एका खड्ड्यात टाकतात. मोरारची छावणी १८४४ नंतरची, महाराजपूर आणि पनिहारला शिंद्यांची फौज हरली (२९ डिसेंबर १८४३, दोन्ही लढाया एकाच दिवशी), मग तह झाला आणि ग्वाल्हेर कंटिन्जंट (इंग्रज अफसरांच्या हाताखालची फौज) उभी राहिली, तिचा मुक्काम इथे. तीच कंटिन्जंट १४ जून १८५७ ला, रविवारी, बंड करून उठली. पुढे ५८ ला इंग्रज परत आले ते १८८६ पर्यंत, मग किल्ला आणि मोरार शिंद्यांना मिळालं आणि झाशी इंग्रजांकडे गेली. म्हणजे चाळीसेक वर्षं इथे हजारो माणसं राहिली, त्यांचा कचरा कुठेतरी असणारच ना, तो आपल्या टाकीखाली निघाला.

देशपांडे काका सी-४०१: मावशी म्युझियममधून रिटायर झाल्यात हे नवीन लोकांना सांगायला हवं होतं

ठाकूर भैया सी-१०२: मग कचराच आहे ना आंटी, स्वतःच म्हणताय. ट्रॉलीत भरून टाकून देऊ, काम सुरू

कुलकर्णी मावशी बी-१०१: कचराच तर वाचायचा असतो भैया. सेक्रेटरी साहेब, तुमच्या तिसऱ्या फोटोतलं बटण जरा जवळून काढून टाका, मागची बाजू पण.

सेक्रेटरी काका: घ्या. पितळी दिसतंय. वर ७ आहे, पुढचा आकडा झिजलाय. चमक कुठेच नाही. मी टूथब्रशने घासू का थोडं

कुलकर्णी मावशी बी-१०१: नाही नाही नाही. घासू नका, पीतांबरी लावू नका, चिंच तर मुळीच नाही. आकडा आहे तो पण जाईल. आता ऐका, हे बटण म्हणजे अख्खी गंमत आहे. इंग्रजी पलटणींच्या बटणांवर नंबर यायला लागले १७६७ पासून. साध्या शिपायांची बटणं आधी कथलाच्या मऊ मिश्रधातूची, करडी असायची, १८५५ ला पितळी झाली, आणि १८७१ ला पायदळाच्या शिपायांचे नंबर काढून सगळ्यांना एकच राजचिन्हाचं बटण दिलं. म्हणजे पितळी आणि नंबरवालं शिपायाचं बटण असेल तर ते १८५५ ते १८७१ मध्येच बनलेलं. फक्त सोन्याचा मुलामा असता तर अफसराचं ठरलं असतं आणि मग हा हिशोब लागला नसता. सोळा वर्षांची चौकट एका बटणाने दिली, तेही चिठ्ठीचपाटी नसताना.

रोहन ए-३०४: ७ म्हणजे ७१ ना? गुगल म्हणतंय ७१ वी हायलँडर पलटण १६ जूनला मोरारला होती!!

कुलकर्णी मावशी बी-१०१: होती हे खरं. पण तुझा दुसरा आकडा कुठाय? ७० पासून ७९ पर्यंत काहीही असू शकतं. मनासारखा आकडा वाचायचा मोह सगळ्यांना होतो.

नीता काकू ए-२०३: आणि त्या हिरव्या बाटल्या? एकीच्या गळ्याला चिमटा काढल्यासारखं आहे आणि आत गोटी अडकलीय

देशपांडे काका सी-४०१: अहो ती आपली गोटी सोड्याची बाटली! महाराज बाड्यावर लहानपणी प्यायचो. अंगठा मारला की फट्ट!

कुलकर्णी मावशी बी-१०१: बरोबर काका, आणि तिच्यामुळेच भानगड आहे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने ती १८७२ ला पेटंट केली. म्हणजे ती बाटली बटणाच्या चौकटीत बसत नाही, आणि आपल्याकडे तर ती अजून वापरात आहे, त्यामुळे १८७५ ची असेल नाहीतर १९७५ ची. आता सांगा, बटण आणि बाटली एकाच थरात होती की बाटली वरच्या मातीतून घसरली? पोकलेनच्या बादलीत सगळं कालवलं गेलं की हा प्रश्न सुटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. वस्तू कुठे होती, कशाच्या शेजारी, किती खाली, हे गेलं की हातात फक्त एक जुनं बटण उरतं, त्याचे ओएलएक्सवर फार तर गजकच्या डब्याएवढे पैसे येतील.

ठाकूर भैया सी-१०२: आंटी एवढं कोण बघतं पण

कुलकर्णी मावशी बी-१०१: बघतात. अमेरिकेत न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला, जिथे आता बिल्डिंगा आहेत, तिथे शंभर वर्षांपूर्वी विल्यम कॅल्व्हर आणि रेजिनाल्ड बोल्टन नावाचे दोघे हौशी लोक कुदळ घेऊन फिरायचे. नवीन रस्ते आणि इमारतींसाठी खोदकाम चालू असायचं आणि ठेकेदार पुढे सरकायच्या आत हे घुसायचे. तिथे त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या इंग्रजी फौजेच्या झोपड्या सापडल्या, दगडी चुली सापडल्या आणि नंबरवाली बटणं, ज्यावरून कुठली पलटण कुठे राहिली ते कळलं. डिकमन फार्महाउसच्या बागेत त्यातली एक झोपडी परत उभी करून ठेवलीय, अजून आहे. आणि लिटल बिगहॉर्न माहितीये? तीही अमेरिकेतलीच, सरकारी फौज आणि मूळ रहिवाशांची १८७६ ची लढाई. १९८३ ला तिथलं गवत जळालं, जमीन उघडी पडली, पुढच्या वर्षी मेटल डिटेक्टर घेऊन अख्खं मैदान पिंजलं आणि प्रत्येक काडतूस जिथे पडलं तिथे झेंडी लावून नकाशावर घेतलं. बंदुकीच्या घोड्याच्या टोच्याची काडतुसावरची खूण बंदुकीगणिक वेगळी पडते, त्यावरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे गेली ते काढलं. कोणी ती काडतुसं आधीच खिशात घालून नेली असती तर?

रोहन ए-३०४: ओके हे भारी आहे. मावशी अजून एक, ए-विंगच्या पोरांकडे एक गोल गोळी आहे, तिच्यावर दातांचे ठसे आहेत. चाबकाचे फटके मारताना शिपाई गोळी चावायचे ना??

कुलकर्णी मावशी बी-१०१: ही गोष्ट सगळीकडे सांगतात. जुन्या रणांगणांवर अशा गोळ्या खूप निघतात, पण ठसे नीट तपासले तर बऱ्याचशा डुकरांनी चावलेल्या ठरतात, माती उकरताना तोंडात जातात. कधी माणसानेही चावली असेल, नाही म्हणत नाही, पण पहिला संशय डुकरावर. आपल्या मोरारच्या गल्ल्या बघता मला आश्चर्य वाटत नाही 😄

देशपांडे काका सी-४०१: हा हा हा. आणि सेक्रेटरी, पाचव्या फोटोत कडेला तो गोल गंजलेला गोळा काय आहे? नारळाएवढा

सेक्रेटरी काका: तो लोखंडी आहे, जड आहे. चौकीदाराने दार अडवायला ठेवलाय

कुलकर्णी मावशी बी-१०१: कोणीही हात लावू नका!! चौकीदाराला आत्ता फोन करा, लांब जाऊ दे. भरीव असेल तर नुसतं लोखंड आहे, पण पोकळ असेल तर आत तोफेची दारू असू शकते आणि ती काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला गोळा साफ करताना स्फोट होऊन एक जुन्या वस्तू जमवणारा गेला, तोही त्यातला चांगला जाणकार होता. पोलिसांना कळवा, ते बॉम्बवाल्यांना आणतील. हलवायचा नाही, पाणी ओतायचं नाही, आणि सेल्फी तर बिलकुल नाही.

सेक्रेटरी काका: फोन केला. चौकीदार गेटवर आलाय. पोलीस येतायत. पोरांना मागच्या बाजूला सोडू नका कोणीही 🙏

नीता काकू ए-२०३: देवा. मुलं सकाळपासून त्याच्याभोवती क्रिकेट खेळतायत

ठाकूर भैया सी-१०२: आता तर काम बंदच ना. और वो सामान का क्या, कायद्याचं लफडं नको आपल्याला

कुलकर्णी मावशी बी-१०१: लफडं लपवलं तर होतं. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची जुनी वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी. दहा रुपये म्हटलं की हसू येतं पण तेवढाच आकडा आहे. शिवाय १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष धरतात, ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी कलेक्टरला कळवायचं, त्यामुळे रोहन, ओएलएक्सचं विसर. आणि ठाकूर भैया, शंभर मीटरपर्यंत बांधकामबंदीचा नियम आहे तो संरक्षित स्मारकाभोवतीचा, कुठेही जुनी बाटली निघाली म्हणून लागत नाही. अर्ज द्या, पावती घ्या.

ठाकूर भैया सी-१०२: पावती मिळेल ना नक्की? ठीक है, गोळा उचलेपर्यंत ठेकेदाराला मी थांबवतो, भाड्याचं मीटिंगमध्ये बघू

सेक्रेटरी काका: मावशी अर्ज तुम्हीच लिहा, सही मी करतो. बाकी काय करायचं?

कुलकर्णी मावशी बी-१०१: पोलीस गोळा घेऊन गेले आणि हो म्हणाले की मगच. खड्ड्याच्या भिंतीचे फोटो, शेजारी मीटरपट्टी उभी धरून, चारही बाजूंनी. काळा थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मोजायचं. उकरायचं नाही हं, नुसतं टिपायचं. जे आधीच वर आलंय ते जसं आहे तसं, मातीसकट, वेगवेगळ्या पिशव्यांत घाला, लोखंड वेगळं, आणि चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा कोणाला कुठल्या कोपऱ्यात सापडलं, पेनची शाई ओलीने पसरते. आणि पोरांना रागवू नका, आठवतंय तेवढं सांगू दे, रागावलात तर खोटं सांगतील.

रोहन ए-३०४: मी मीटरपट्टी आणतो. गोळी झिपलॉकमध्ये घातलीय, ईशान्य कोपरा, पाण्याच्या पाइपाजवळ, असं लिहिलंय

कुलकर्णी मावशी बी-१०१: शाबास

सेक्रेटरी काका: पोलीस आलेत. खाली कोणी गर्दी करू नका.

नीता काकू ए-२०३: मावशी, एक सांगायचं होतं. माझ्या बाल्कनीत अशाच दोन बाटल्या आहेत, गेल्या वर्षी गेटजवळ पाइप टाकताना निघाल्या होत्या, त्यात मनीप्लँट लावलाय

कुलकर्णी मावशी बी-१०१: मनीप्लँट राहू दे नीता. गेटच्या डावीकडून की उजवीकडून निघाल्या तेवढं सांग.